समोरच्या पक्षाचा वकील

साशंक : मला आधी एवढंच सांगा, की भूमिका घेऊन खेळायच्या या खेळात वाटाघाटी होतात तरी कोणाशी? टेबलाभोवती पाच जण बसलेत. चौघांकडं एकेक पात्र : कोणी चोर, कोणी जादूगार, कोणी राज्य गेलेला सरदार. पाचवा गेम मास्टर, आणि उरलेलं सगळं जग त्याचं. राजा त्याचा, राजावर उलटलेले शेतकरी त्याचे, दोघांनाही व्याजानं पैसे देणारा सावकारसुद्धा त्याचाच. आता हे चौघं राजाकडं जातात, शेतकऱ्यांकडं जातात, सावकाराला मध्ये घालतात आणि तह घडवून आणतात. त्यांना वाटतं, काय मुत्सद्देगिरी केली! मला दिसते ती एकाच माणसाची मनधरणी. तो खुशीत असेल तर राजा मऊ येतो, त्याचं डोकं दुखत असेल तर शेतकरी कोयते काढतात. वाटाघाटीला दोन बाजू लागतात आणि दोन्ही बाजूंना काहीतरी गमावण्याची धास्ती लागते. राजाचं सिंहासन गेलं तर गेम मास्टरच्या घरचं काय जातं? त्यापेक्षा ॲलन कॅलहॅमरचा 'डिप्लोमसी' घ्या, 1959 साली बाजारात आलेला. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात सत्ता, सात खेळाडू, आणि फासा एकही नाही. ऑस्ट्रिया इटलीला कोपऱ्यात नेऊन जे कानात सांगते ते खरं की खोटं, हे पुढची चाल उघडेपर्यंत कळत नाही. वाटाघाट म्हणतात ती याला.

हौशी : 'डिप्लोमसी' मीही खेळले आहे, आणि एका मैत्रिणीशी त्यापायी बरेच दिवस बोलत नव्हते. त्या खेळाची धार मला मान्य आहे. पण तिथं सातही जण जिंकायलाच बसलेले असतात. जगात सगळ्यांना जिंकायचं नसतं हो. कोणाला हिवाळा निभावून न्यायचा असतो, कोणाला भावाचं प्रेत परत हवं असतं, कोणाला चार पैसे हवेत आणि पलीकडच्या गुहेतल्यांनी त्रास देऊ नये एवढीच इच्छा असते. अशी छोटी, अडलेली भूमिका स्वतःहून मागून घेणारा खेळाडू मिळत नाही, म्हणून ती गेम मास्टरकडं जाते. आणि ती त्याच्या लहरीवर चालते असं नाही. गॅरी गायगॅक्सचं 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' बघा. ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या सुरुवातीच्या संचात पेटीतच मिळायचं, त्यामुळं सत्तरचं दशक संपता संपता ज्यांनी हा खेळ उचलला त्यांतल्या पुष्कळांची पहिली मोहीम हीच. एका दरीत गुहा, प्रत्येक गुहेत वेगळी जमात. वरवर पाहिलं तर कापाकापीला मोकळं रान. पण आत लिहून ठेवलंय की गॉब्लिन आणि हॉबगॉब्लिन एका बाजूला, ऑर्क दुसऱ्या बाजूला, कोबोल्डांना वाटतं की आपली आठवण कोणालाच न व्हावी, आणि वाट चुकलेल्या एकट्या-दुकट्याला बगबेअर टिपतात. गॉब्लिनांच्या शेजारी एक ऑग्र राहतो, धिप्पाड आणि भाडोत्री. संकट आलं की गॉब्लिन 250 सोन्याच्या नाण्यांची थैली त्याच्याकडं फेकतात आणि तो धावून येतो. ऑर्कांनीही त्याला अधूनमधून फोडलंय. खेळाडूंनी त्याहून मोठी रक्कम नुसती कबूल न करता त्याच्या डोळ्यांपुढं, हातात ठेवली, तर दहापैकी नऊ वेळा तो त्यांचं ऐकतो. चार-सहा ओळींचा मजकूर, पण त्यात या पक्षाचा भूतकाळ आहे, दर आहे, आणि उधारी चालणार नाही हेही आहे. गेम मास्टरचं डोकं दुखत असलं तरी ऑग्रचा दर तोच.

साशंक : दहापैकी नऊ. आणि दहाव्या वेळी ऑग्र का नाही म्हणतो? गॉब्लिनांच्या पोरांवर त्याचा जीव जडलाय? माणसांनी मागं त्याला फसवलंय? काहीही नाही, फासा तसा पडला एवढंच. गेम मास्टर मग मागाहून कारण जुळवतो. पटवून घेण्याजोगं मन तिथं नव्हतंच, एक टक्केवारी होती. आणि एकदा टक्केवारीच्या रस्त्याला लागलात की पुढं काय होतं ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'नंच दाखवून दिलं. 2003 च्या सुधारित नियमांत डिप्लोमसी हे पात्राचं एक कौशल्य होतं. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात कौशल्याचा आकडा मिळवायचा. बेरीज 25 झाली की वैरी तटस्थ होतो, 35 झाली की मित्र, 50 झाली की तुमच्यासाठी धोका पत्करायला तयार. लागणारा वेळ, एक मिनिट! समोरच्याला काय हवंय, तुम्ही काय देऊ केलंत, मागच्या वर्षी त्याचं गाव कोणी जाळलं, याची कोणी चौकशी करत नाही. एकाच कौशल्यावर सगळी पुंजी लावलेलं पात्र घेऊन एखादा हुशार पोरगा यायचा आणि शत्रूच्या सेनापतीला बोलता बोलता सख्खा भाऊ करून टाकायचा. याला वाटाघाट म्हणायचं तर गारुडाला काय म्हणायचं?

हौशी : त्या तक्त्याची बाजू मी घेणार नाही, तो वाईटच होता. पण तो का वाईट होता? फासा होता म्हणून नव्हे. तो फासा शेवटी पडायचा आणि वाद मिटवून टाकायचा, हा त्याचा दोष. त्याआधीची पद्धत बघा. टॉम मोल्डव्हेनं संपादित केलेल्या 1981 च्या मूलभूत नियमांत अनोळखी टोळी समोर आली की दोन फासे टाकत. बेरीज 2 आली तर थेट हल्ला, 12 आली तर उत्साहानं मैत्री. 9 ते 11 मध्ये ते निघून जातात किंवा तुमचा प्रस्ताव ऐकून घेतात. सर्वांत जास्त वेळा, 36 पैकी 16 वेळा, बेरीज 6 ते 8 यांच्या मध्ये पडते, आणि तिथं लिहिलेलं असतं की समोरच्यांचं काहीच ठरत नाहीये. म्हणजे फासा पडला की बोलणं संपत नाही, सुरू होतं! पाच मशाली घेतलेले ऑर्क बोळात समोर उभे आहेत आणि त्यांनाही कळत नाहीये काय करावं. आता बोला. शिवाय त्या काळी बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला अनुभवाचा एक गुण मिळायचा आणि एका ऑर्कला मारण्याचे सगळे मिळून 10. तलवार उपसणं हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. ज्यांना या जुन्या खेळात फक्त कत्तल दिसते त्यांनी हा हिशेब कधी केलेला नसतो.

साशंक : बरं, फासा आधी टाका. पण मग मला एका गोष्टीचं उत्तर द्या. 2010 साली आलेलं 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' तुम्ही डोक्यावर घेता. त्यात कोणाला वश करायचं असेल, गळी उतरवायचं असेल तर नियम दोन आहेत. समोरचं पात्र गेम मास्टरचं असेल तर फासा चांगला पडल्यावर ते आधी तुमच्याकडून काहीतरी वचन मागतं, आणि वचन दिलंत की काम करतं. बेरीज 10 किंवा जास्त असेल तर वचन पाळायचं की नाही ते तुम्ही नंतर बघायचं. 7 ते 9 असेल तर त्याला हातात काहीतरी ठोस आत्ताच हवं. पण समोर दुसऱ्या खेळाडूचं पात्र असेल तर नियम बदलतो. त्याला फार तर आमिष दाखवता येतं, नकार दिलास तर अडचण होईल असा दाब आणता येतो. हो म्हणायचं की नाही, हे मात्र त्या खेळाडूचं तोच ठरवणार. नियमकर्त्यांनीच सांगून टाकलं ना, की कोणाला मन आहे आणि कोणाला नाही? माझं मन फाशावर वळवता येत नाही, टोळीच्या नायिकेचं येतं. जिला नाही म्हणण्याचा हक्कच नाही तिच्याशी तुम्ही बोलणी कसली करता?

हौशी : याच नियमावरून मी उलटं म्हणेन. खेळाडूला फाशाची गरज नसते, कारण त्याच्या पात्राच्या बाजूनं भांडायला तो स्वतः बसलेला आहे. नाही म्हणायला त्याला तोंड आहे आणि त्याचा त्यात स्वार्थही आहे. टोळीच्या नायिकेच्या बाजूनं कोण बसलंय? गेम मास्टर. आणि गेम मास्टरला काय हवं असतं? आजची संध्याकाळ छान जावी. चौघं मित्र आठवड्याचं काम आटपून आलेत, एकीनं आत्ताच सुंदर भाषण केलंय, सगळे अपेक्षेनं बघतायत. अशा वेळी नायिकेच्या तोंडून नाही काढणं फार जड जातं. तुम्ही मघाशी म्हणालात गेम मास्टर लहरी असतो. माझा अनुभव असा की तो लहरीपेक्षा भिडस्त जास्त असतो. त्याच्या भिडस्तपणाचा भुर्दंड त्याच्या जगातल्या माणसांना पडतो. म्हणून फासा हवा. तो समोरच्या पक्षाचा वकील आहे. तुमच्या ऑग्रची ती दहावी वेळ, जिला कारण नाही म्हणालात, ती मला त्याच्या हक्काची वाटते. गेम मास्टरला सौदा जुळवून टाकायचा असतो, आणि त्या दहाव्या वेळी ऑग्र त्याचंही ऐकत नाही.

साशंक : वकील मान्य. पण वकिलाला कागद कोण पुरवतं? नायिकेची खरी अडचण काय, तिला कशाची भीती आहे, तिच्या माणसांत फूट आहे का, हे गेम मास्टर बोलता बोलता रचतो. फासा नाही म्हणाला तर तो नकाराचं कारण रचतो, हो म्हणाला तर होकाराचं. आणि हे दुखणं जुनं आहे. प्रशियात राइसविट्झनं 1824 साली सैन्याधिकाऱ्यांसाठी युद्धखेळाचे नियम छापले, फासे आणि तक्त्यांचे. 1876 साली वेर्दी द्यू व्हेर्नुआ म्हणाला, तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाचा निर्णय पुरे. ठीक होतं, कारण तिथं दोन्हीकडं खरे अधिकारी बसलेले असत आणि पंच कोणाचाच नसे. मग साठच्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटात डेव्हिड वेस्लीनं नेपोलियनच्या काळातल्या एका लढाईचा खेळ मांडला आणि 'ब्राउनस्टाइन' या काल्पनिक जर्मन गावातल्या भूमिका एकेकाला वाटल्या : नगराध्यक्ष, बँकर, विद्यापीठाचा कुलगुरू. प्रत्येकाचा हेतू वेगळा. लोक पंचाला न विचारता कोपऱ्यात जाऊन सौदे करू लागले आणि लढाई राहूनच गेली. वेस्लीला वाटलं प्रयोग पार फसला. खेळणारे म्हणाले, पुन्हा कधी? त्या मंडळात डेव्ह अर्नेसन होता, ज्यानं 1974 साली गायगॅक्सबरोबर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणलं. म्हणजे या खेळाचा जन्मच वाटाघाटींतून झाला, माणसामाणसांतल्या. आणि मग त्यांनी काय केलं? सगळ्या खेळाडूंना एका बाजूला उभं केलं, भुयारात पाठवलं, आणि उरलेल्या सगळ्या बाजू पंचाच्या डोक्यात कोंडल्या. पंच होता तो प्रतिपक्षही झाला. ही खोट मुळातली आहे, एका फाशानं ती जाणार नाही.

हौशी : जात नाही, पण पंचाला बांधून घालता येतं. त्यासाठी कागद आधी लिहायचे, खेळाडूंनी तोंड उघडण्याआधी. जॉन हार्परच्या 2017 च्या 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये डॉस्कव्हॉल नावाचं अंधारं शहर आहे आणि खेळाडू तिथली एक नवखी टोळी. पुस्तकात सुचवलेली सुरुवातच अशी, की लॅम्पब्लॅक्स आणि रेड सॅशेस या दोन टोळ्यांत युद्ध पेटलंय, ज्या क्रोज टोळीचा या वस्तीवर वचक होता तिचा म्होरक्या मारला गेलाय, आणि लॅम्पब्लॅक्सचा बाझो बाझ तुम्हाला बोलावून विचारतो की तुम्ही कोणाच्या बाजूचे. आता प्रत्येक गटाशी तुमचे संबंध किती बरे-वाईट ते उणे 3 ते अधिक 3 या मापावर सगळ्यांसमोर लिहिलेलं असतं. एकाला खूश केलंत की दुसऱ्याकडं आकडा घसरतो. उणे 3 म्हणजे युद्ध, आणि युद्ध म्हणजे दोन कामगिऱ्यांच्या मध्ये एरवी दोन कामं उरकता येतात तिथं एकच. जखम भरायची की वाईट सवयीला शरण जायचं, एकच निवडा. शिवाय प्रत्येक गटाचं स्वतःचं उद्दिष्ट असतं आणि त्यासाठी एक वर्तुळ काढलेलं असतं, घड्याळासारखं, त्याचे भाग पाडलेले. तुम्ही त्यांच्या वाटेला गेला नाहीत तरी ते भरत जातं. केव्हिन क्रॉफर्डच्या 'स्टार्स विदाउट नंबर'मध्ये तर गेम मास्टर दोन बैठकींच्या मधल्या काळात गटांचे डाव एकटाच खेळतो : कोणी कोणाचा तळ उद्ध्वस्त केला, कोणाची तिजोरी रिकामी झाली. पुढच्या वेळी तुम्ही बोलायला जाता तेव्हा समोरचा खरोखर अडचणीत असतो, आणि ती अडचण तुमच्या भाषणासाठी बेतलेली नसते. तुम्ही विचारलंत ना, गेम मास्टरचं काय जातं? त्याचं जात नाही. गटाचं जातं, आणि ते गेलेलं कागदावर दिसतं.

साशंक : दिसतं, पण कसं, तर उणे 2 म्हणून. मी बाझो बाझला शब्द दिला आणि त्याच्या भावासारख्या माणसाला पकडून दिलं, की आकडा दोनांनी खाली. मग त्याची दोन कामं करून दिली की आकडा जागेवर. आपण सगळे कुठल्या ना कुठल्या अपमानाची आठवण वर्षानुवर्षं जपणारी माणसं. आपल्याला ठाऊक आहे की वैर असं फिटत नाही. एक मान्य करतो, की तुमच्या घड्याळांमुळं गट स्वतंत्र झाला. पण तो जितका स्वतंत्र तितका ठोकळेबाज. सगळं आधी लिहिलंत तर माझ्या बोलण्यानं नवं काय घडणार? लिहिलेली योग्य गोष्ट मी ओळखायची आणि पुढं करायची. काहीच लिहिलं नाहीत तर परत मनधरणी. आणि हा पेच सोडवेपर्यंत बाकीचे तिघं काय करतायत? गोडबोल्या खेळाडू अर्धा तास नायिकेशी बोलतोय, तिघं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेत. ज्या मुलीच्या पात्राचा करिश्मा सर्वांत जास्त आहे ती स्वतः लाजाळू, तिला चार वाक्यं सलग बोलवत नाहीत. तिनं आकडा कशासाठी घेतला होता?

हौशी : लाजाळू मुलीचं उत्तर सोपं आहे. मी तिला भाषण मागतच नाही. काय देशील, काय मागशील, आणि त्यांनी शब्द मोडला तर काय करशील, एवढं तिनं सांगायचं; ते तिच्या पात्रानं किती गोड शब्दांत सांगितलं ते आकडा बघून घेईल. उलट गोडबोल्याला हाच प्रश्न विचारला की बरेचदा कळतं, त्यानं अर्धा तास काहीच देऊ केलेलं नव्हतं. मोबाइलवाल्या तिघांचं मात्र मला अजून नीटसं जमलेलं नाही. आणि तुमचा तो पेच, लिहिलं तर ठोकळा, न लिहिलं तर मनधरणी, तो खराच आहे. मी काय करते ते सांगते. गटाला काय हवंय आणि कशाची भीती आहे हे लिहिते, पण ते कशावर राजी होतील हे लिहीत नाही. ते मलाही माहीत नसतं. रेड सॅशेसना आपली तलवारीची शाळा टिकवायची आहे हे मी लिहीन. त्यासाठी त्या एखादा रस्ता सोडतील का, माणूस सोडतील का, की नाव सोडतील, हे खेळाडू विचारेपर्यंत ठरलेलं नसतं. त्या क्षणी फासा, लिहिलेली भीती आणि समोर ठेवलेला प्रस्ताव हे तिन्ही एकदम येतात. कधी कधी माझ्या तोंडून असं उत्तर निघतं की मलाच धक्का बसतो.

साशंक : धक्का बसतो हे मी मानतो, लेखकालाही बसतो, म्हणून त्याच्या कादंबरीतली पात्रं स्वतंत्र होत नाहीत. पण हेही सोडून देतो. आता बघा. खेळाडू बाझो बाझची बाजू घेत नाहीत, रेड सॅशेसचीही घेत नाहीत. ते म्हणतात, आम्ही तुमच्यात तह घडवून आणतो. हा तर वाटाघाटीचा सर्वांत उंच प्रकार, बरोबर ना? बाझो एकीकडं, रेड सॅशेसची मायलेरा क्लेव्ह दुसरीकडं, खेळाडू मध्ये. सांगा, या बैठकीत बोलतंय कोण? दोन्ही बाजूंनी गेम मास्टर! तो स्वतःच स्वतःला अटी घालतो, स्वतःच चिडतो, स्वतःच मानतो. खेळाडू आपल्याच सभेत प्रेक्षक होतात. तुमचा वकील इथं काय करेल? दोन्ही पक्षांचं वकीलपत्र त्याच्याकडंच.

हौशी : इथं मी हात टेकते, निदान एका डोक्यानं खेळायचं असेल तर. मी गटांचे कागद वाटून टाकते. ज्या दोघांची पात्रं त्या बैठकीत फारशी बोलणार नसतात, त्यांतल्या एकाला बाझो देते, दुसरीला मायलेरा. भीती लिहिलेली, इच्छा लिहिलेली, घड्याळ किती भरलंय तेही. त्यांना एवढंच सांगते की या माणसाला कागदाबाहेर जाऊन दयाळू करू नका. मोबाइल खाली जातात, निदान त्या दिवसापुरते.

साशंक : म्हणजे परत ब्राउनस्टाइन. मग ते गट पंचाचे कुठं उरले? आणि वाटून तरी काय मिळवलंत? ज्या मुलीच्या हातात मायलेराचा कागद दिलात, तिचं स्वतःचं पात्र तह झाला तर वाचणार आहे. तिची टोळी उणे 3 वर उभी आहे. तिच्या हातून मायलेराचा नकार निघेल? गेम मास्टरला निदान फक्त संध्याकाळ छान जायला हवी होती. हिला तर तहच हवा आहे.

हौशी : एका टेबलावर मी हे केलं तेव्हा मायलेराचा कागद घेतलेली मुलगी एवढी ताठ बसली, की तिच्याच टोळीचं नुकसान झालं आणि बाकीचे तिच्यावर चिडले. दुसऱ्या एका टेबलावर तिनं दोन वाक्यांत सगळं देऊन टाकलं. कागद तोच होता. तुमचं म्हणणं, हितसंबंध आडवा येतो, येतोच. पण पहिल्या मुलीच्या बाबतीत तो का आला नाही, हे मला सांगता येत नाही, आणि नियमांत लिहून ठेवता येईल असं त्यात काही आहे का, तेही कळत नाही.

साशंक : फासा टाकायला तिला सांगितलं होतंत की तुम्ही टाकला?

हौशी : पहिल्या वेळी तिनं मागून घेतला. दुसऱ्या वेळी मी टाकला.